मर्वचा दिरहम

लिलावाला आलेली जुनी नाणी ओळखायची, वजन करायची, फोटोखाली चार ओळी लिहायच्या, हे माझं काम. बहुतेक दिवस संस्थानी पैशांतच जातात. परवा मात्र एका संग्राहकाच्या पाकिटातून चांदीचा पातळ, रुंद दिरहम निघाला. पाकिटावर पेन्सिलीने ‘इराणी राजा’.

राजा आहे खरा. पंखांच्या मुकुटातला दुसरा खुस्रो, इराणच्या सासानी घराण्याचा, मागे अग्निवेदी आणि दोन्ही बाजूंना सेवक. पण भिंगाखाली धरलं तर कडेला अरबीत ‘बिस्मिल्लाह’, आणि चेहऱ्यासमोर पहलवी या जुन्या इराणी लिपीत नाव अब्दुल्ला इब्न खाझिम या अरब सुभेदाराचं. टांकसाळ मर्व, आजच्या तुर्कमेनिस्तानातलं जुनं शहर. खुस्रो मेला ६२८ मध्ये, हे नाणं त्यानंतर अर्धशतकाने पडलेलं. लोकांच्या सवयीचं नाणं अरबांनी तसंच चालू ठेवलं होतं.

मग त्या दिवशी दुसरं काम झालंच नाही, कारण हा इब्न खाझिम सुभेदार झाला तोच मुळी विलक्षण रीतीने. ६८३ मध्ये खलिफा यझीद वारला आणि खुरासानचा, म्हणजे इराणच्या ईशान्येकडच्या मर्व-हेरातच्या मुलखाचा, सुभेदार सल्म तिथून निघाला. नायब म्हणून मागे ठेवला मुहल्लबला. तो अझ्द टोळीचा, म्हणजे यमनी. वाटेत बक्र या उत्तरेकडच्या अरब टोळीच्या सरदाराने अडवून विचारलं, आमच्या उत्तरेकडच्यांत कोणी मिळाला नाही? सल्मने त्याला काही भाग तोडून दिला, आणखी एकाला हेरात. निशापूरला इब्न खाझिम भेटला, तर अख्खा खुरासानच त्याच्या नावे! इतक्या सढळ हाताने सुभा वाटणारा माणूस मी तरी दुसरा वाचलेला नाही.

पुढे इब्न खाझिमने तमीम टोळीच्या बळावर हेरातला बक्रवाल्यांना चिरडलं आणि नंतर तमीमशीच बिनसवलं. पुढचा खलिफा अब्दुल मलिक याने पत्र धाडलं: मला खलिफा मान, सात वर्षं खुरासान तुझा. यावर त्याने दूताला ते पत्रच खायला लावलं. मारलं नाही, कारण दूत आमिर टोळीचा. त्याला मारलं तर आपल्या सुलैम टोळीशी त्यांचं वैर पेटेल, एवढं भान रागातही होतं.

खलिफाने मग पत्र लिहिलं ते मर्वमधल्या इब्न खाझिमच्याच नायबाला, तमीमच्या बुकैरला. तो फिरला, आणि ७२ हिजरीच्या (इ.स. ६९१-९२) सुमारास तमीमच्याच लोकांनी इब्न खाझिमला संपवलं. त्याचं शीर खलिफाकडे कोणी पाठवायचं यावरून बुकैर आणि बहीर, दोघेही तमीमचेच, एकमेकांवर उठले. शेवटी खुरासानवाल्यांनीच खलिफाकडे कुरैशचा, म्हणजे खलिफाच्याच टोळीचा, माणूस मागितला. ७४ हिजरीत (इ.स. ६९३-९४) उमय्या सुभेदार होऊन आला.