थिबा पॅलेसनंतर यांगून: राजाचं सोनंनाणं बघायचं तर

रत्नागिरीतला थिबा पॅलेस, म्हणजे ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) थिबा राजाला इंग्रजांनी कैदेत ठेवलं तो वाडा, दाखवून झाला की पाहुणा हमखास विचारतो, ‘मग राजाचं सोनंनाणं गेलं कुठे?’ 1885 मध्ये इंग्रजांनी त्याच्या राजधानीतून, मंडालेहून उचललेल्यापैकी जे परत आलं, त्यातलं मोलाचं म्यानमारमधल्या यांगून शहरात, प्ये रोडवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोमवारी ते बंद असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी वार बघा.

रत्नागिरीहून मुंबई आणि पुढे बँकॉकमार्गे जाणं सोयीचं. आपल्याला ई-व्हिसा चालतो. मात्र 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथे लढाई पेटलेली आहे. भारत सरकारची ताजी सूचना वाचूनच ठरवा. मंडालेचा हट्ट तर सोडाच, तिथला मूळ राजवाडा 1945 मध्ये जळला, आजचा नव्याने बांधलेला आहे. डॉलर कोरे करकरीत न्या. घडी पडलेली किंवा शिक्का उमटलेली नोट घेत नाहीत.

पिशवी, कॅमेरा दारातच लॉकरमध्ये जातो. फोनचं काय ते तिथे विचारा. आधी तळमजल्यावरचं सिंहासन. राजवाड्यातली बाकीची आगीत गेली. हे 1902 पासून कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये होतं म्हणून वाचलं आणि 1948 मध्ये परत आलं. खुर्ची शोधाल तर फसाल. समोर दिसतं ते उंच, कोरीव दार. राजा मागच्या पायऱ्या चढून त्यातून पुढे येऊन बसे. सगळं सोनेरी, पण आत लाकूड, तेही आपलं शिवण. खालच्या कोनाड्यांतले छोटे सिंह वाकून बघा, उभ्याने ते निसटतात.

वरच्या मजल्यावर राजचिन्हं आहेत, 1964 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने परत केलेली. सुपारीच्या बागेत वाढलेल्यांनी सोन्याच्या पानदानांपाशी रेंगाळावं. ब्रह्मी दरबारात पानाच्या साहित्यावरून माणसाचा दर्जा कळायचा. एक हंसाकृती पात्र ब्रह्मदेशाने आभारादाखल लंडनलाच ठेवू दिलं. नगा मौक हे थिबाचं नामांकित माणिक मात्र शोधू नका. त्याच्यासाठी थिबाने रत्नागिरीतून अर्ज केले, ते काही मिळालं नाही.

उरलेल्या दुपारी श्वेडगॉन या सोनेरी पॅगोडाच्या (बौद्ध स्तूपाच्या) दक्षिण पायथ्याशी थिबाची राणी सुपयालत हिची समाधी बघा. थिबा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला, त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. राणी 1919 मध्ये ब्रह्मदेशात परतली आणि 1925 मध्ये गेली. पॅगोडा संध्याकाळवर ठेवा: चपला, मोजेसुद्धा पायथ्यालाच काढावे लागतात आणि भर उन्हात फरशी चटके देते.