आनमेल्डुंग, घरमालकाचा कागद आणि खांबावरची मांजर

जर्मनीला निघालेलं कुणी ओळखीचं भेटलं की मी आधी एकच विचारते: ज्या जागेत उतरणार आहात, तिथला घरमालक वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग देणार आहे का? आणि हो म्हणाला असेल तर ते लेखी आहे का?

व्हिसा, विमान, सामान हे सगळं होतं. आमचंही झालं. अडतं ते या एका पानाच्या कागदावर. ‘अमुक माणसं अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहतात’ एवढंच घरमालकाने सही करून द्यायचं असतं. हा कागद नसेल तर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होत नाही. नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, आणि तो नसला की पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापतात. बँकेत खातं उघडेना, मुलीच्या शाळेचं पुढे सरकेना. वर कायदा म्हणतो, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करा.

आमची जागा बर्लिनमधल्या श्योनेबर्गच्या बायरिशेस फिअर्टेल या भागात, एका एजन्सीमार्फत घेतलेली. जागा उत्तम होती, फोटोत दिसली तशीच. भाडं वेळेवर घेणारी ही माणसं कागदाचं नाव काढलं की गायब व्हायची. पहिलं उत्तर, ‘तीन कामकाजाच्या दिवसांत पाठवतो.’ मग मूळ मालक सुट्टीवर. मग कागद ‘प्रक्रियेत’. मग कुणीतरी फोनवर गोड आवाजात सांगितलं, भाडेकरार दाखवा, चालतो. चालत नाही! करारावर दहा सह्या असल्या तरी चालत नाही, तो ठरावीक कागदच लागतो. ब्युर्गरआम्टची, म्हणजे जिथे ही नोंदणी होते त्या नागरी कार्यालयाची, वेळ मिळायचीही मारामारच. एक मिळालेली वेळ कागद नाही म्हणून सोडून द्यावी लागली, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून शुद्ध मराठीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवरा ऑफिसला, मुलीला शाळा नाही, मला काम नाही. आम्ही दोघी भटकायचो. आणि या भागात भटकताना दिव्यांच्या खांबांवर उंचावर लावलेल्या पाट्या दिसतात. एका बाजूला साधं चित्र, लहान मुलांच्या अंकलिपीत असतं तसं. दुसऱ्या बाजूला जर्मनमध्ये एखादं वाक्य आणि बहुतेक वेळा तारीख. मुलीला आमच्या कोपऱ्यावरची मांजर आवडली म्हणून मी मागची ओळ फोनवर भाषांतरित केली. ‘ज्यूंना यापुढे पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. १५.२.१९४२.’

अशा ८० पाट्या आहेत. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी १९९३ साली केलेलं हे स्मारक. या भागात नाझींच्या आधी ज्यू वस्ती मोठी होती, आइन्स्टाइन इथेच हाबरलांडश्ट्रासवर राहायचे. पाट्यांवर नाझी काळातले कायदे आणि हुकूम आहेत. पावाचं चित्र: ज्यूंनी बर्लिनमध्ये खाण्याच्या वस्तू दुपारी ४ ते ५ याच वेळात घ्यायच्या, ४ जुलै १९४०. टेलिफोन: ज्यूंची जोडणी पोस्टखातं बंद करणार, २९ जुलै १९४०. ठिक्करबिल्ल्याची घरं आखलेली: आर्य आणि अनार्य मुलांनी एकत्र खेळायचं नाही, १९३८. पाट्या लागत होत्या तेव्हा काही रहिवाशांनी घाबरून पोलिसांना बोलावलं होतं, त्यांना हे खरंच ज्यूविरोधी फलक वाटले. नंतर खाली खुलाशाच्या छोट्या पट्ट्या जोडल्या.

मुलगी विचारत होती, मग त्या मांजरांचं काय झालं? मला जमेल तेवढं सांगितलं. ती नऊ वर्षांची आहे, सगळं सांगितलं नाही.

राटहाउस श्योनेबर्गमध्ये, म्हणजे तिथल्या नगरभवनात, ‘आम्ही शेजारी होतो’ अशा नावाचं प्रदर्शन आहे, फुकट. या भागातल्या माणसांचे अल्बम टेबलांवर ठेवलेत, बसून चाळायचे, आणि भिंतींवर नाझींनी हद्दपार करून नेलेल्या माणसांच्या नावांची हाताने लिहिलेली कार्डं. सहा हजारांहून जास्त. तिथे मी बराच वेळ होते. देश सोडून जायलाही कागद लागायचे: सगळे कर भरल्याचा दाखला, मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याएवढा ‘पलायन कर’, वर दुसऱ्या देशाचा व्हिसा. ज्यांना लवकर सुचलं आणि जमलं ते सुटले. आपल्या मुंबईत रझा, सुझा, आरा यांची चित्रं उचलून धरणारे कलासमीक्षक रुडी फॉन लायडन १९३३ सालीच जर्मनीतून आले होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये बाहेर जाणंच बंद केलं. त्यानंतर ज्यांना गाडीत घालायचं होतं त्यांच्याकडून सोळा पानी मालमत्तापत्रक भरून घेतलं जायचं. ताटवाट्या, चादरी, कपडे, सगळ्याची यादी स्वतः करायची, खाली सही.

रात्री नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आपल्या कागदाशी तुलना करू नकोस हं.” करत नव्हते. माझ्या बाजूने कायदा उभा होता आणि मी तो अजून वाचलासुद्धा नव्हता, एवढंच डोक्यात आलं.

मग वाचला. नोंदणी कायद्याचं कलम १९: हा कागद देणं घरमालकावर बंधनकारक आहे. देत नसेल तर तुम्ही नोंदणी कार्यालयाला कळवायचं, आणि त्याला एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. (न राहणाऱ्याला खोटा कागद दिला तर पन्नास हजारांपर्यंत, त्यामुळे ‘पैसे द्या, कागद देतो’ वाल्यांच्या नादी लागू नका.) मी जर्मनमध्ये चार ओळींचा मेल लिहिला, कलमाचा आकडा ठळक केला, उद्या कार्यालयाला कळवणार म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या आत कागद आला, सहीसकट. सुट्टीवरचा मालक बहुधा विमानाने आला असावा. आपल्याला भांडता येतं, फक्त ते इथे कलम लिहून भांडायचं.

वेळ शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टची चालते. सकाळी लवकर वेबसाइटचं पान उघडून ताजं करत बसा, लोकांनी रद्द केलेल्या वेळा मधूनच दिसतात. आम्हाला पार दुसऱ्या टोकाची मिळाली. दोन आठवडे केव्हाच उलटले होते, पण ‘वेळच मिळत नव्हती’ म्हटल्यावर बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. काम चहा निवण्याआधी झालं.

अर्जात धर्माचा रकाना आहे. पाट्या वाचून गेलेली मी तिथे थबकलेच. तो चर्च कर कापण्यासाठी असतो. आम्ही काही लिहिलं नाही. पण वसईची आमची एक मैत्रीण सरळ ‘कॅथलिक’ लिहून आली आणि आयकराच्या नऊ टक्के वेगळे कापलेले पाहून चकित झाली. लिहायचं तर जाणून लिहा.

ब्रांडेनबुर्ग दरवाज्याजवळचं २,७११ काँक्रीट ठोकळ्यांचं, नाझींनी मारलेल्या ज्यूंचं मोठं स्मारक आम्ही नोंदणीनंतर पाहिलं. भव्य आहे, पण पोरं ठोकळ्यांवर उड्या मारत होती आणि फोटोंची गर्दी. जमिनीखालचं माहिती केंद्र मात्र चुकवू नका. सोमवारी बंद असतं. आम्ही आळीपाळीने गेलो, एकाने मुलीपाशी वर थांबायचं. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा बायरिशर प्लाट्झ या भुयारी रेल्वेच्या स्टेशनला उतरा आणि खांब बघत चाला. राटहाउसमधलं प्रदर्शन शुक्रवारी बंद.

आणि हो, कागद मिळाला त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा. इथे पाकिटावर फ्लॅट नंबर घालत नाहीत, पोस्टमन नाव बघतो. कर क्रमांक पोस्टाने येतो, आणि नाव नसेल तर तो आल्या पावली परत जातो.