अर्थ राहू दे, रंगाचं काय झालं ते सांगा

चित्रांवर लिहिलेलं मी अगदी हावरटासारखं वाचते, पण खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं वाचून चित्र उलट लांबच जातं. "मानवी अस्तित्वाची अगतिकता", "अवकाशाशी संवाद" वगैरे. अरे, कुठल्याही चित्राखाली चिकटवा, खपून जाईल! आधी शेजारची पाटी वाचायची आणि मग पाटीतलं चित्रात सापडतंय का ते शोधत बसायचं हा प्रकार तर मी बंदच केलाय. आधी बघायचं, कंटाळा येईपर्यंत बघायचं, मग वाचायचं. आणि वाचायचं ते रंगाबद्दल, कापडाबद्दल, व्हार्निशबद्दल, अर्थाबद्दल सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

आता व्हॅन गॉगची ती झोपायची खोली घ्या, १८८८ सालची, आर्लमधली. निळ्या भिंती, पिवळा पलंग, घसरल्यासारखी तिरकी जमीन. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की त्याला यातून विश्रांती दाखवायची होती, आणि मला कळायचंच नाही की कसली विश्रांती, ती खोली तर अंगावर येते! मग त्याची पत्रं वाचली. भावाला, थिओला, तो एकेक रंग सांगत जातो, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा, पांघरूण लालभडक, आणि भिंती फिकट जांभळ्या. जांभळ्या! त्या जांभळ्यातलं लाल रंगद्रव्य उजेडाने उडत गेलं आणि निळा तेवढा मागे राहिला, असं तपासणी करणाऱ्यांनी शोधून काढलंय. पिवळा आणि जांभळा म्हणजे रंगचक्रात समोरासमोर बसणारी जोडी, ती जोडीच मोडली म्हटल्यावर काय राहणार? मी मनातल्या मनात भिंती जांभळ्या करून बघितल्या तर खोली खरंच जरा निवली. पूर्ण नाही हां, जमीन तिरकी ती तिरकीच.

आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांच्याबद्दल काहीही उघडा, झेन (तो ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ) आणि मौन हे दोन शब्द येणारच. चूक नाहीये ते, त्यांना झेनची ओढ होतीच, पण त्याने मला चित्रात शिरायला काडीची मदत झाली नाही. मदत कशाने झाली तर ते ब्रश सोडून रोलर आणि पॅलेट नाईफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, वापरायचे, रंग चढवायचे आणि परत काढायचे, आणि वर्षाला मोजकेच कॅनव्हास पुरे करायचे हे वाचल्यावर. तेव्हापासून मी त्यांच्या चित्रात कडा बघते, कुठे रंग ओढून काढलाय, कुठे खालचा थर वर आलाय, आणि बघता बघता बराच वेळ जातो. मौन वगैरे आपोआप येतं मग, त्याला वेगळं बोलवावं लागत नाही.

आणि वर्मीर, सतराव्या शतकातला डच चित्रकार! ड्रेस्डेनमधलं ते उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीचं चित्र. तिच्या मागची रिकामी भिंत, त्या रिकामेपणावर लोकांनी किती लिहिलं असेल, एकांत काय, संयम काय. भिंतीच्या रंगाखाली क्युपिडचं, म्हणजे प्रेमाच्या देवाचं, चित्र दडलंय हे १९७९ मध्ये एक्सरेत दिसलं होतं, पण सगळे धरून चालले होते की वर्मीरनेच ते झाकलं. पुढे डागडुजीच्या वेळी कळलं की वरचा रंग जुन्या व्हार्निशवर आणि साचलेल्या धुळीवर बसलाय, म्हणजे तो वर्मीर गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच कोणीतरी लावलेला. खरवडून काढला तो, आणि २०२१ पासून क्युपिड सगळ्यांसमोर आहे. म्हणजे ज्या संयमाचं एवढं कौतुक झालं तो एका अनोळखी माणसाचा!

काढला ते बरोबरच केलं, वर्मीरने काढलेलं दिसायलाच हवं, यात मला शंका नाही. पण आवडण्याचं काय करू? आता पत्र प्रेमाचंच आहे हे भिंतीवरूनच सांगितलं जातं, मला अंदाज करायला काही उरलंच नाही, आणि तो क्युपिड इतका मोठा आहे की नजर आधी त्याच्याकडे जाते, मुलगी नंतर. त्या अनोळखी रंगाऱ्याला नजर होती एवढं मात्र मी म्हणणार, कोणाला पटो न पटो.