तुम्ही विचारलंत म्हणून : व्हिसा नाकारला, आता पुढे काय?

‘अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, लगेच पुन्हा अर्ज करावा की वर्षभर थांबावे?’ ओळखीच्या लोकांचे फॉर्म भरून देत असल्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणारे बहुधा मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आईवडील असतात. मुलाखतीनंतर हातात मिळालेल्या कागदावर कोणते कलम लिहिले आहे, हे मी आधी पाहतो.

२२१(जी) असेल, तर एखादा कागद किंवा पडताळणी बाकी असते आणि मागितलेले कागद वर्षाच्या आत दिल्यास शुल्क पुन्हा न भरता तोच अर्ज पुढे सरकतो. २१४(बी)चे तसे नाही. अर्जदार तिकडे कायमचा राहायलाच निघाला आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे अर्जदाराने पटवून द्यावे, असे १९५२च्या कायद्यातील हे कलम सांगते. या नकारावर अपील करता येत नाही, मात्र थांबण्याची सक्तीही नाही. परंतु सांगण्यासारखे काही नवे नसेल, तर १८५ डॉलर पुन्हा पाण्यात जाण्याचीच शक्यता अधिक.

नकारानंतर बहुतेक जण फाइल जाड करतात : मुलाचे निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराच्या स्लिपा, सीएचे सर्टिफिकेट. निमंत्रणपत्र या व्हिसाला लागतच नाही आणि माझ्या मते मुलाचा पगार जितका पुढे करावा, तितके आईवडिलांचे इथले आयुष्य मागे पडते.

निफाडकडच्या एका काकांचे उदाहरण देतो. एजंटाने त्यांच्या फॉर्ममध्ये ‘सेवानिवृत्त’ एवढेच लिहिले होते. स्वतः कसत असलेल्या द्राक्षबागेचा त्यात उल्लेखही नव्हता. मुक्काम तीन आठवड्यांचा दाखवला होता, पण अधिकाऱ्याने विचारल्यावर काका म्हणाले, ‘बघू, मुलगा ठेवून घेईल तितके दिवस.’ दुसऱ्या वेळी एकही कागद वाढवला नाही. फॉर्ममध्ये बाग आली, आणि एप्रिलची छाटणी उरकून मे महिन्यात जायचे व ऑक्टोबरच्या छाटणीआधी परतायचे, हे काकांनी दोन वाक्यांत सांगितले. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीतूनही देता येते. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा ती सोय घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. काकांनी ती घेतली आणि त्यांना व्हिसा मिळाला. अर्थात निर्णय शेवटी अधिकाऱ्याचा असतो आणि व्हिसाची हमी देणाऱ्या एजंटापासून दूरच राहावे.

नव्या फॉर्ममध्ये ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का?’ असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर ‘हो’ असेच द्यावे, कारण जुनी नोंद त्यांच्याकडे असतेच. नकार हा काही गुन्हा नव्हे, परंतु जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर कायमची अपात्रता ओढवू शकते.