डाव्या खांद्यामागचा व्हॉल्व्ह

घरी बांधलेलं विमान पडलं की लोक आधी इंजिनावर किंवा फायबरग्लासच्या सांगाड्यावर संशय घेतात. गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघातात कारण होतं इंधनाचा एक व्हॉल्व्ह, आणि तोही बिघडलेला नव्हे, भलत्या जागी बसवलेला.

१२ ऑक्टोबर १९९७. कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ त्यांचं लाँग-ईझी, म्हणजे घरी बांधता येणारं छोटं विमान, समुद्रात कोसळलं. विमान दुसऱ्या एका हौशी माणसाने बांधलेलं, डेन्व्हर यांनी नुकतंच विकत घेतलेलं. विमानाचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात टाकी बदलायचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर असतो. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत म्हणून बांधणाऱ्याने तो मागे, डाव्या खांद्याच्या पाठीमागे नेला. हेतू वाईट नव्हता. पण लाँग-ईझीची स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, उजव्या हाताला असते. व्हॉल्व्ह गाठायचा तर स्टिक सोडायची, अंग डावीकडे पार वळवायचं आणि उजवा हात मागे न्यायचा. तसं वळताना उजवा पाय आपोआप रेटा देतो आणि उजवं रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं) दाबलं जातं. तपास करणाऱ्यांनी तशाच विमानात बसून हे करून पाहिलं.

त्यात हँडल घट्ट. ते फिरवायला व्हाइस-ग्रिप (घट्ट पकडणारा पक्कड) लावून पाहिला, तोही नीट चालला नाही. कुठल्या दिशेला कुठली टाकी, याची खूण नाही. इंधन दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या मागच्या बाजूला, त्यांवरही आकडे नाहीत; त्या बघायला मेकॅनिकने एक छोटा आरसा दिला होता! इंधन कमी असूनही भरून घेतलं नाही.

लाँग-ईझीसारखं कॅनार्ड, म्हणजे पुढे छोटा पंख असलेलं विमान स्टॉल होत नाही, म्हणजे त्याच्या मुख्य पंखांची उचल एकदम जात नाही, या भरवशावर बरेच जण विसंबतात. पुढचा छोटा पंख आधी उचल सोडतो आणि नाक आपसूक खाली येतं, हे खरं. पण पूर्ण रडर दाबलं गेल्यावर मागे झुकलेल्या पंखांचं विमान झपकन आडवं होतं. तिथे कॅनार्डचा काही उपयोग नाही. काहीशे फुटांवर सावरायला उंचीच उरत नाही.

स्वतः विमान बांधत असाल, तर व्हॉल्व्ह बसवण्याआधी सीटवर पट्टा आवळून बसा, डोळे मिटा, डावा हात पुढे करा. उजवा हात स्टिकवरून न हलवता हँडल फिरलं पाहिजे. नाही फिरलं, तर जागा चुकली. 'बंद' ही जागा दोन टाक्यांच्या मध्ये येऊ देऊ नका.

इंधन दाखवणाऱ्या नळीवर खुणा करताना विमान उड्डाणाच्या कलात ठेवा. लाँग-ईझी जमिनीवर नाक टेकवून उभं असतं, तेव्हाच्या खुणा हवेत खोट्या ठरतात. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओता आणि दर वेळी रेघ मारा. टाकीचा आकार पसरट, त्यामुळे रेघा समान अंतरावर येणार नाहीत. त्या तशाच ठेवा. मग नाक चढणीच्या कोनात उचलून, थोडंच इंधन ठेवून प्रवाह मोजा: पंपाची व्यवस्था असेल तर पूर्ण शक्तीला इंजिन जेवढं पितं त्याच्या किमान १२५ टक्के, नुसत्या गुरुत्वाकर्षणावर असेल तर १५० टक्के. हे दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं करा. व्हॉल्व्ह अर्धवट फिरलेल्या अवस्थेतही एकदा मोजा, कारण समुद्रातून काढलेला व्हॉल्व्ह अधल्यामधल्या जागीच सापडला होता.