अम्मा परत का गेली नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी आई, अम्मा, वारल्यापासून भेटायला येणारं जवळपास प्रत्येक माणूस हेच विचारतं: केरळातल्या कोट्टयमसारखा हिरवागार मुलूख सोडून ही बाई लातूरच्या उन्हात जन्मभर कशी राहिली? परत का गेली नाही? बरेचजण उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, "केवढा त्याग!" मला ते पटत नाही. तिलाही पटायचं नाही. "त्याग कसला, पगार घेते मी," म्हणायची.

ती आली १९७४ साली. बहात्तरच्या दुष्काळातून मुलूख नुकता सावरत होता, लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. केरळात नर्सिंग शिकलेल्या मुली भरपूर आणि नोकऱ्या थोड्या, म्हणून त्या देशभर जायच्या. घरात थोरली असलेली अम्मा त्यांतलीच. पहिल्या पगारापासून कोट्टयमला मनिऑर्डर सुरू झाली. बाबा इथलेच, शाळामास्तर. लग्नाला दोन्हीकडून विरोध झाला आणि पुढे मावळलाही.

खरं उत्तर तिच्या कामात आहे. तेव्हा काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. टोचण्याआधी अम्मा सुईचं टोक कापसावरून हलकेच ओढून बघायची. एखादा तंतू अडकला तर टोक वाकलंय, सुई बाजूला. घाई कितीही असो, हे चुकलं नाही. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली की ती आयांना जलसंजीवनी करायला शिकवायची: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. "आधी स्वतः चाखून बघ माय. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर फेकून दे, लेकराला देऊ नको." मराठी ती वॉर्डातच शिकली, त्यामुळे थेट लातुरी बोलायची. "कुठं दुखलालंय माय?" असं तिनं विचारलं की खेड्यातल्या बायका मोकळ्या व्हायच्या.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक नुकतेच आडवे झालेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळं अंगावर आलं. हजारो माणसं गेली. अम्मा सकाळी दवाखान्यात गेली ती पुढे कितीतरी दिवस धड घरी आली नाही. नंतर तिनं त्याबद्दल एवढंच सांगितलं, की आणलेल्या माणसांच्या नाकातोंडात माती भरलेली असायची. बोटाला ओला गॉझ गुंडाळून ती आधी माती काढायची. तोंड मोकळं झालं की माणूस पहिल्यांदा लेकरांची नावं घ्यायचं.

घरातही तिच्याशिवाय पान हलत नसे. दोन्ही आत्यांचं डी.एड. तिच्या पगारावर झालं. आजीनं सुरुवातीला नाईट ड्यूटीवरून बरंच ऐकवलं होतं, पण शेवटी अंथरुणाला खिळल्यावर ती अम्माशिवाय कुणाच्या हातचं खाईना. भावकीत मुलीचं लग्न निघालं की अम्मा आधी जन्मतारीख विचारायची. "अठरा पूर्ण नाहीत? मग माझ्या घरातून आहेर येणार नाही, मीही येणार नाही." भांडणं झाली, काही घरं तुटली, तिनं माघार घेतली नाही. अंगात रक्त नसलेल्या सोळा वर्षांच्या पोरींची बाळंतपणं जिनं हातानं केली, तिला कोण काय समजावणार? आणखी एका गोष्टीवर ती पेटून उठायची. पांढरं पाणी जातंय म्हणून दाखवायला गेलेल्या ऊसतोडीच्या बायकांना सरळ गर्भाची पिशवी काढायचा सल्ला मिळायचा. ओळखीची कुणी तसं म्हणाली की अम्मा तिला हाताला धरून सरकारी दवाखान्यात न्यायची, तपासणी करायला लावायची, औषधं पूर्ण घेतली की नाही ते घरी जाऊन बघायची. कितीजणींची पिशवी वाचली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. ठेवायला हवा होता, असं मला वाटतं.

माहेर तिनं टाकलं नव्हतं. सोलापूरहून कन्याकुमारी एक्स्प्रेसनं ती आम्हाला घेऊन जायची. तिकडे सगळे तिचे लाड करायचे, तिच्या आवडीची मासळी व्हायची. आठवड्याभरात मात्र तिचं चित्त लागेनासं व्हायचं. तिथे ती लाडकी पाहुणी होती. इथे बाळंतीण अडली की रात्री दोनला दार वाजायचं, आणि ते वाजणं तिला आवडायचं. बरोबरीच्या काहीजणी आखाती देशांत गेल्या, चांगला पैसा केला. त्यांचं तिला कौतुकच होतं.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते टीव्हीवर बघून मामाचा फोन आला: निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, विहीर भरलेली आहे, आता तरी ये. अम्मा म्हणाली, "शेजारच्या सुनेचे दिवस भरत आलेत, कशी येऊ?" आणि त्याला कोट्टयमला पाऊस कसा आहे ते विचारत बसली.