झोपच येईना दाजी

सांगली, गुरुवार, रात्री साडेदहा

आज मेहुण्याला घेऊन मिरजेला डॉक्टरांकडं गेलो होतो. चौथी खेप. येताना विश्रामबागला थांबून भडंग खाल्लं आणि त्यानं आपणहून दुसरी प्लेट मागितली. डिसेंबरात ह्याच माणसाच्या ताटातली भाकरी तशीच्या तशी परत जायची.

तासगावकडं त्याची दीड एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली, फुलोऱ्यात पाऊस लागला. रात्रभर मोबाईलवर ढग बघायचे, पहाटे फवारणीला ट्रॅक्टर काढायचा. शेवटी गळकुजीनं माल गेलाच. काम संपलं, जागरण राहिलं.

तेव्हा त्याचा फोन आला होता. "दाजी, झोपच येईना ओ." मी म्हणालो, "संध्याकाळचा चहा बंद कर." सल्ला खोटा नव्हता, पण मला ऐकूच आलं नाही तो काय सांगतोय ते. आमच्याकडं गडी माणूस 'जगणं नको झालंय' असं तोंडानं म्हणत नाही. झोपेची तक्रार तेवढी करतो, कारण तिची लाज वाटत नाही.

हिला मात्र आवाजावरून कळलं. गेली आणि सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का रे?" मी दचकलो. नसलेलं डोक्यात भरायचं, असं वाटलं. (डॉक्टर नंतर म्हणाले, विचारल्यानं तसं होत नाही, उलट माणूस बोलता होतो.) तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दिवसा नाही अक्का. रात्री तीनला येतं."

त्या रात्री आम्हीच 14416 लावला, टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचाच विचारला. निद्रानाश आणि भयंकर स्वप्नं, दोन्हींनी आत्महत्येचा धोका वाढतो; माणूस उदास असो वा नसो. झोप उडालेले लाखो असतात, सगळ्यांचं तसं होत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. पण मध्यरात्रीनंतर जागे असतात थोडेच, आणि त्या मानानं आत्महत्या त्याच वेळात जास्त होतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. थकलेल्या मेंदूचा लगाम तेव्हा सैल असतो. शेजारी कुणी जागं नसतं, ते वेगळंच.

उदासीवर औषध चालू आहे, गोळ्या त्याच्या बायकोच्या ताब्यात. झोपेसाठी मात्र वही: कधी आडवा झाला, कधी उठला. रोज एकाच वेळी उठायचं, दुपारी पडायचं नाही, झोप येईना तर अंथरुणात तळमळत न बसता उठून बाहेर यायचं. पहिले आठ-दहा दिवस वैतागला होता. "हा कसला इलाज, झोप न येणाऱ्या माणसालाच उठवायचा!"

आणि एक ठरलंय. तीनला जाग आली की मला मिस कॉल. आठ दिवसांत एकही आलेला नाही.

फोन उशाशीच आहे, आवाज पूर्ण वर. हल्ली पावणेतीनला माझेच डोळे उघडतात. ही म्हणते, आता तुम्हाला वही लावू का?